कोऱ्या पट्टींतील नांव

परदेशीं जाऊन आलेल्या मनुष्यास आपल्याकडे पहिला प्रश्न विचारण्यांत येतो तो हा कीं, ‘तिकडे काय काय पाहिलेंत?’ गेल्या वर्षीं आम्ही उभयतां अमेरिकेंत चिरंजिवांकडे चार महिने राहून परत आलों, तेव्हां मिरजेच्या स्टेशनावरच या प्रश्नास आरंभ झाला. नायगाराचा धबधबा आम्हीं पाहिला. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीही मान दुखेपर्यंत पाहिल्या. परंतु त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील, व त्यांत आमच्या हातून नवी भर पडेल असें वाटत नाहीं. ज्या एका दिवसाची आठवण आम्हांस वारंवार होते, तो दिवस आम्हीं जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या उलट्यासुलट्या करण्यांत, एका पाडलेल्या घराची जागा शोधण्यांत आणि एका बंद इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला उभें राहण्यांत घालविला. एवढ्यासाठीं साता समुद्रांपलीकडे जावयास हवें होतें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर देण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

चिरंजीव राहतात तें गांव न्यू जर्सी संस्थानांतील एडिसन होय. त्यास हें नांव १९५४ सालीं मिळालें. तत्पूर्वीं तें रॅरिटन टाऊनशिप या नांवानें ओळखलें जाई. येथील ओक ट्री रस्त्यावर हिंडूं लागलें म्हणजे साड्यांचीं व दागिन्यांचीं दुकानें, मिठाईचा वास आणि चहूंकडून कानीं पडणारें हिंदी-गुजराती संभाषण यांमुळें आपण परदेशांत आहों याचा क्षणभर विसर पडतो. मधूनच ‘अगं, कोथिंबीर घेतलीस का?’ असें शुद्ध मराठी वाक्यही ऐकूं येतें. परंतु या गांवाची खरी थोरवी निराळीच आहे. त्याच्या मेन्लो पार्क नांवाच्या भागांत टॉमस एडिसन याची प्रयोगशाळा होती, आणि तेथेंच १८७७ सालीं मनुष्याचा आवाज यंत्रांत साठवून तो पुन्हां ऐकण्याचा प्रयोग सिद्धीस गेला. फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या कथलाच्या वर्खावर सुईनें उमटविलेलें लहान मुलांचें एक बडबडगीत, हा त्या यंत्राचा पहिला बोल. त्या जागीं आज एक उंच स्मारकस्तंभ असून त्याच्या माथ्यावर विजेच्या दिव्याची प्रचंड आकृति बसविली आहे. एके सायंकाळीं सूनबाईनें आम्हांस नातीसह तेथें नेलें. दिव्याची आकृति करणें सोपें. आवाजाची आकृति कशी करावी हें शिल्पकारास बहुधा सुचलें नसावें.

त्या स्तंभाखालीं उभे असतां आम्हांस आमची एक जुनी चूक आठवली. ती सांगितल्यावांचून पुढील हकीकत समजणार नाहीं. मिरजेस ब्राह्मणपुरींत आमचा जो जुना वाडा होता, त्याच्या माजघरांत तीर्थरूपांचा चावीचा ग्रामोफोन होता, व त्याजबरोबर लाखेच्या साठ-सत्तर तबकड्या होत्या. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचें वास्तव्य मिरजेस असे. १९३७ सालीं ते निवर्तले तेव्हां तीर्थरूप बारा वर्षांचे होते, व खाँसाहेबांचें गाणें आपण प्रत्यक्ष ऐकलें हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान होता. खाँसाहेबांच्या तबकड्या आणि बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचीं पदें असा तो संग्रह. प्रत्येक तबकडीच्या कागदी पाकिटाच्या कोपऱ्यांत खरेदीची तारीख तीर्थरूपांच्या बारीक अक्षरांत लिहिलेली असे. १९९६ सालीं वाड्याची वाटणी झाली. भावाभावांत भांड्यांची मोजदाद झाली, पाट्यावरवंट्यांची झाली. ग्रामोफोन मात्र कोणासच नको होता. आम्हीं तो तबकड्यांसकट जुन्या बाजारांतील एका व्यापाऱ्यास साडेचारशें रुपयांस देऊन टाकला. चिरंजीव त्या वेळीं बारा वर्षांचे होते. आजोबांच्या मागें तेच एकटे ती पेटी उघडून बसत. हातगाडीवर पेटी चढत असतां ते दिंडीदरवाज्यांत उभे होते. रडले नाहींत, कांहीं बोललेही नाहींत. आम्हीं त्यांस विचारलें नव्हतें, व विचारावें असें आमच्या मनांतही आलें नव्हतें.

आतां तेच चिरंजीव चाळिशी ओलांडून एडिसन गांवीं राहतात, आणि त्यांच्या घराच्या तळघरांत भिंतीस लागून तीनशें-साडेतीनशें तबकड्या उभ्या रचलेल्या आहेत. त्या आपल्या संगीताच्या नव्हेत. अमेरिकेंतील काळ्या लोकांनीं निर्माण केलेल्या जॅझ नांवाच्या संगीताच्या आहेत. जगांतील सर्व गाणें-बजावणें हातांतल्या फोनवर ऐकूं येत असतां इतके पैसे व इतकी जागा यांत कां घालावी, असें आम्हीं पहिल्याच आठवड्यांत बोलून दाखविलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. एक तबकडी पाकिटांतून काढली, तिच्या कडा दोन्ही तळव्यांत धरल्या, दिव्याखालीं ती तिरपी केली, आणि म्हणाले, “नाना, चष्मा लावा आणि हें वाचा.”

आम्ही मधल्या रंगीत कागदावरील अक्षरें वाचूं लागलों. “तें नव्हे,” ते म्हणाले. “वाजविण्याच्या रेघा संपतात तेथून कागदापर्यंत जी कोरी काळी पट्टी आहे, तिच्यांत पाहा.” त्या चकचकीत पट्टींत कांहीं आंकडे खरवडलेले होते, व त्यांच्याजवळ इंग्रजी लिपींतील तीन बारीक अक्षरें होतीं: आर, व्ही, जी. ही सही गाणाऱ्याची नव्हे, वाजविणाऱ्याची नव्हे, दुकानदाराचीही नव्हे. ज्या मनुष्यानें तो नाद तबकडींत कोरला, त्या रूडी व्हॅन गेल्डर याची ती खूण होती. चिरंजिवांचा संग्रह वादकांच्या नांवांवरून केलेला नाहीं. या एका कारागिराच्या हातच्या तबकड्या ते गोळा करतात.

हें कोरण्याचें काम म्हणजे काय, तें आम्हांस त्या रात्रीं प्रथम कळलें. वादकांचें वादन आधीं फितीवर घेतात. मग अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे एका जातीच्या रोगणाचा, आरशासारखा गुळगुळीत थर दिलेला असतो, ती चकती एका जड यंत्रावर फिरवितात, आणि फितीवरील नाद ज्या प्रमाणांत कंप पावेल त्या प्रमाणांत थरथरणारी तापलेली नीलमण्याची सुई त्या थरांत बाहेरून आंत अशी एकच अखंड नागमोडी खांच कोरीत जाते. हें ऐकावयास सोपें वाटतें. परंतु कोरणारास पदोपदीं निवड करावी लागते. खर्जाचा जोर अधिक ठेवला तर खांचेचीं वळणें रुंद होऊन शेजारच्या खांचेवर आदळतील, व वाजवितांना सुई उडी मारील. आवाज फार हळू ठेवला तर तो तबकडीच्या खरखरींत बुडून जाईल. शिवाय एका बाजूवर वीसेक मिनिटांचा मजकूर बसवावयाचा असतो. सुई जसजशी मध्याकडे सरकते, तसतसा एका फेऱ्यांतील मार्ग आंखूड होतो, पण फेऱ्याचा वेळ तोच राहतो. म्हणून शेवटच्या भागांतील बारीक, तीव्र नाद अरुंद वाटेंत कोंडतात. यांतून वाट काढावयाची ती कोरणाराच्या कानानें व अनुभवानें. इंग्रजींत या कामास मास्टरिंग म्हणतात.

पुढची क्रिया तर आमच्या वाचकांस विशेष गमतीची वाटेल. कोरलेल्या चकतीवर चांदीचा अतिसूक्ष्म लेप देऊन तिजवर विजेच्या साह्यानें निकल धातूचा जाड थर चढवितात. तो सोलून काढला म्हणजे खांचेच्या जागीं उंचवटा असलेला उलटा साचा मिळतो. त्यास कारखान्यांतील मंडळी ‘पिता’ म्हणतात. पित्यापासून पुन्हां सुलटा साचा करतात, ती ‘माता’. मातेपासून ठसे होतात, व त्या ठशांखालीं व्हिनिल नांवाच्या पदार्थाचे तापलेले गोळे दाबून हजारों तबकड्या निघतात. म्हणजे प्रत्येक तबकडीस तिची वंशावळ आहे! मूळ चकतीच्या कोऱ्या पट्टींत कोरणारानें जें कांहीं खरवडलें असेल, तें पित्यांतून मातेंत, मातेंतून ठशांत, व ठशांतून प्रत्येक लेंकरांत जसेंच्या तसें उतरतें. पुढें दुसऱ्या कोणी तेंच वादन नव्यानें कोरलें, तर नांव, चित्र, वेष्टण सर्व तेंच राहील. परंतु ती सही राहणार नाहीं, आणि जाणकारास नादही तोच वाटणार नाहीं.

हें ऐकतांना आम्हांस आमच्या हस्तलिखित पोथ्यांची आठवण झाली. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते. ग्रंथकाराचें नांव तींत असतेंच. पण त्याखालीं ज्यानें ती प्रत लिहिली तो लेखक आपलें नांव, गांव, शक, तिथि लिहून, पाठ मोडून व मान वांकवून आपण हें काम केलें आहे, चूक असल्यास दोष देऊं नये, असें विनवितो. ग्रंथ व्यासांचा, परंतु तो आपल्यापर्यंत आला तो या मोडलेल्या पाठीवरून आला. आणि एका ग्रंथाच्या दोन प्रतींत फरक पडतो तो याच हातांमुळें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरी केली, ती शेंकडों पोथ्यांचे पाठभेद ताडून. आम्हीं चिरंजिवांस म्हटलें, “म्हणजे तूं पाठभेद पाहतोस.” ते हंसले. आमचें व त्यांचें एखाद्या विषयावर इतकें जुळल्याचें आम्हांस अनेक वर्षांत आठवत नव्हतें.

आपल्या देशांतही अशा खुणा होत्या. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित झालें. त्या काळीं गाणें संपतां संपतां गायिका मोठ्यानें आपलें नांव सांगत असे, तें पुष्कळांनीं ऐकलें असेल. पण ग्रामोफोन कंपनीच्या त्या जुन्या तबकड्यांवर क्रमांकाच्या अखेरीस एखादें लहानसें अक्षर असे, व तें मुद्रण करणाऱ्या तज्ज्ञाची खूण असे, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें. तीर्थरूपांच्या तबकड्यांवर कोणकोणतीं अक्षरें होतीं? आतां तें पाहावयाचें कोठें?

अखेर एका शनिवारीं चिरंजीव म्हणाले, “नाना, चला, तुम्हांला त्याचीं गांवें दाखवितों.” सौभाग्यवतींनीं दशम्या व बटाट्याची भाजी बांधून दिली, आणि आम्ही बापलेक मोटारीनें निघालों. प्रथम दक्षिणेस प्रिन्स्टन येथें गेलों. हें विद्यापीठाचें गांव; आईन्स्टाईननें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं बावीस वर्षें येथें काढलीं. त्याचें घर पाहावयाचें काय, असें चिरंजिवांनीं विचारलें. आम्हीं म्हटलें, “आज ज्याच्यासाठीं निघालों, त्याचेंच पाहूं.” येथें जुन्या तबकड्यांचें १९८० सालापासून चाललेलें एक प्रसिद्ध दुकान आहे. आंत शिरतांच जुन्या कागदाचा तो वास आला, जो आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत येत असे. लांकडी खणांत तबकड्या उभ्या लावलेल्या, आणि पोरांपासून पांढऱ्या केसांच्या गृहस्थांपर्यंत सर्वजण मान खालीं घालून, दोन बोटांनीं एक एक पुढें ओढून पाहात आहेत. कोणी कोणाशीं बोलत नाहीं.

ब्लू नोट नांवाची एक कंपनी १९३९ सालीं न्यूयॉर्कमध्यें स्थापन झाली. नाझी राजवटींतील जर्मनी सोडून आलेला आल्फ्रेड लायन हा तिचा एक संस्थापक. १९५३ च्या सुमारास तिचें काम व्हॅन गेल्डरकडे आलें, आणि त्या जोडीच्या मूळ तबकड्यांस आज शेंकडों, क्वचित् हजारों डॉलर पडतात. चिरंजीव त्या खणाकडे नुसते पाहून पुढें सरकले. “त्या मला परवडत नाहींत,” ते म्हणाले, “आणि परवडल्या तरी घरांत सांगतां यायच्या नाहींत.” स्वस्त मालाच्या खणांत आम्हीही आमचें भिंग काढून शोधूं लागलों. पाऊण तासानें आमच्या हातीं एक तबकडी आली. वेष्टणाचे कोपरे झिजलेले, कोणा पूर्वीच्या मालकानें शाईनें आपलें नांव घातलेलें. नांव होतें ‘रेड क्ले’, म्हणजे तांबडी माती. फ्रेडी हबर्ड नांवाच्या तुतारीवादकाचें हें जानेवारी १९७० मधील वादन. नांव पाहूनच आम्हांस ती आपली वाटली. तबकडी तिरपी केली, आणि कोऱ्या पट्टींत ठसठशीत ठसा दिसला: व्हॅन गेल्डर. आम्ही भर दुकानांत मराठींत ओरडलों, “अरे, सांपडला!” किंमत आठ डॉलर. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनांतून ती आम्हीं स्वतः दिली. चिरंजिवांस देऊं दिली नाहीं.

तेथून उत्तरेस हॅकेनसॅक या गांवीं जाण्यास दीड तास लागला. वाटेंत दशम्या खातां खातां व्हॅन गेल्डरचें चरित्र ऐकलें. याचा जन्म १९२४ चा, जर्सी सिटीचा. शिक्षण घेतलें डोळे तपासून चष्मे देण्याचें, फिलाडेल्फियास. आणि टीनेक गांवीं त्यानें दवाखानाही चालविला. पण लहानपणापासून नाद होता तो आवाज मुद्रित करण्याचा. १९४६ सालीं त्याच्या आईबापांनीं हॅकेनसॅकच्या प्रॉस्पेक्ट अ‍ॅव्हेन्यूवर घर बांधलें, त्या वेळीं बैठकीच्या खोलीशेजारीं मुलाच्या यंत्रांसाठीं एक लहान खोली ठेवली, व मध्यें कांचेची खिडकी बसविली. दिवसां मुलगा लोकांचे डोळे तपासी. आणि सवडीनें आईबापांच्या बैठकींत माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक यांच्यासारखे त्या काळचे मोठमोठे वादक येऊन वाजवीत. मंकनें तर आपल्या एका रचनेस ‘हॅकेनसॅक’ हेंच नांव दिलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी कीं, आपल्या दिवाणखान्यांत मुलानें तारा पसरल्या आहेत, परकी मंडळी रात्रीं तुताऱ्या फुंकीत आहेत, आणि वडील मंडळी कांहीं न बोलतां आपल्या खोलींत निजावयास जात आहेत. आमच्या मनांत ग्रामोफोनची हातगाडी पुन्हां उभी राहिली. आम्ही खिडकींतून बाहेर पाहूं लागलों.

तें घर आतां नाहीं. रस्त्यावर उंच इमारती उभ्या आहेत. चिरंजिवांनीं मोटार हळू केली, ‘येथें होतें’ असें बोटानें दाखविलें, आणि मागच्या गाडीनें कर्णा वाजविल्यामुळें आम्हांस पुढें जावें लागलें. एवढेंच हॅकेनसॅकचें दर्शन.

एंगलवुड क्लिफ्स हें गांव तेथून जवळच, हडसन नदीच्या पश्चिम तीरावरील उभ्या कड्यांवर वसलेलें आहे. या कड्यांस पॅलिसेड्स म्हणतात. खालीं रुंद नदी, पैलतीरीं न्यूयॉर्क, आणि दक्षिणेस १९३१ सालीं खुला झालेला जॉर्ज वॉशिंग्टन पूल. येथील सिल्व्हन अ‍ॅव्हेन्यूवर १९५९ सालीं व्हॅन गेल्डरनें स्वतंत्र वास्तु बांधली व चष्म्यांचा धंदा सोडून दिला. फ्रँक लॉइड राइट या थोर वास्तुशिल्पज्ञाच्या विचारांचा अनुयायी डेव्हिड हेन्केन यानें तिची आंखणी केली. आंत सुमारें ३९ फूट उंचीचें, लांकडी कमानींवर तोललेलें छत आहे; छायाचित्रांत तें एखाद्या देवळाच्या शिखरासारखें दिसतें. वादकांच्या आवाजास वर उठून मोकळें होण्यास जागा मिळावी, ही योजना. हा गृहस्थ स्वभावानें मोठा सोंवळा. यंत्रांस हातमोजे घालून हात लावी, दुसऱ्या कोणास लावूं देत नसे, खाणेंपिणें आंत चालत नसे, व आपल्या युक्त्या कोणास सांगत नसे. आमच्या आजीचें देवघर आम्हांस आठवलें. जे वादन तो मुद्रित करी तें तो बहुधा स्वतःच कोरीही. आपण घेतलेला आवाज दुसऱ्याच्या हातीं बिघडूं नये म्हणून. २०१६ सालीं, ९१ व्या वर्षीं, याच गांवीं त्याचा अंत झाला. आणि २०२२ सालीं ही वास्तु अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादींत दाखल झाली.

सर्वांसच त्याचें काम पटे असें मात्र नाहीं. चार्ल्स मिंगस नांवाच्या थोर वादकाचा आक्षेप असा कीं, हा मनुष्य वादकाचा स्वरच बदलून टाकतो. त्यानें घेतलेला पियानो पेटींत कोंडल्यासारखा ऐकूं येतो, असेंही जाणकार म्हणतात. चिरंजिवांनीं हें आम्हांपासून लपविलें नाहीं. “लेखकाचा हात दिसतो म्हणा ना,” ते म्हणाले. “पण हात नसलेली प्रत कोठें असते?”

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलों. झाडांच्या आड छताचा उतार तेवढा दिसत होता. आंत जाण्याची सोय नव्हती, व तशी आमची अपेक्षाही नव्हती. मोटारी वेगानें जात होत्या. आम्हीं वहाणा काढल्या नाहींत. पण टोपी नकळत नीट केली. मिरजेंत सतारमेकरांच्या गल्लींत भोपळे वाळत घातलेले असतात, तें दृश्य डोळ्यांपुढें आलें. मैफलींत तंबोऱ्याच्या सुरास आपण वाहवा देतों. तो भोपळा कोणी निवडला, जवारी कोणी लावली, हें किती जणांनीं विचारलें असेल? आम्हीं स्वतः पस्तीस वर्षें शाळेंत व्याकरण शिकविलें. कालिदासाचे शब्द मुलांच्या कानांत कोरावयाचे, फार जोरानें नाहीं, फार हळू नाहीं, आणि तास संपण्याच्या आंत. कोऱ्या पट्टींत आपलें नांव लिहावें असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं, असें म्हटलें तर तें खोटें होईल.

रात्रीं घरीं आल्यावर तळघरांत बसलों. चिरंजिवांनीं प्रथम आमची ‘तांबडी माती’ लावली. मग दिवा मंद करून दुसरी तबकडी काढली. जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकानें ९ डिसेंबर १९६४ रोजीं, आम्हीं पाहिलेल्या त्याच छताखालीं केलेलें हें वादन. नांव ‘अ लव्ह सुप्रीम’. हा वादक आपल्या संगीताकडे ओढलेला होता. पंडित रविशंकर यांच्या नांवावरून त्यानें आपल्या मुलाचें नांव रवि ठेवलें. वादनाचे चार भाग आहेत. चौथ्यांत कोल्ट्रेननें स्वतः रचलेलें ईश्वरस्तवन आहे, परंतु तें तो म्हणत नाहीं. त्यांतील शब्दामागून शब्द सॅक्सोफोनवर वाजवितो. शब्द वेष्टणावर छापलेले असतात. चिरंजिवांनीं तें वेष्टण आमच्या हातीं दिलें, व आम्ही बोट ठेवून वाचीत गेलों. आम्हांस जॅझ कळतें असें आम्ही म्हणणार नाहीं. मागच्या भागांतला पुष्कळसा गोंगाट आम्हांस गोंगाटच वाटला. परंतु स्तोत्र म्हणणाऱ्याचा श्वास कोठें तुटतो, कोठें भरून येतो, हें आम्हांस कळतें. वाद्याच्या मुखांतून निघालेला तो श्वास आमच्यापुढें चार हातांवर होता. त्या नादाभोंवतीं मोकळी उंच जागा आहे, हें डोळे मिटून समजत होतें. तें छत आम्हीं दुपारीं बाहेरून पाहिलें होतें. रात्रीं आंतून पाहिलें.

सुई कोऱ्या पट्टींत जाऊन फिरूं लागली, तेव्हां आम्हीं मनांतलें बोलून टाकलें. म्हटलें, “तो ग्रामोफोन विकला, तेव्हां तुला राग आला होता का?”

चिरंजीव थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आला होता, नाना. पुष्कळ वर्षें होता. तुम्हीं विचारलें असतें, तर मीं विकूं नका म्हटलें असतें. तुम्हीं तरीही विकला असता, जागाच नव्हती ती. पण विचारलें असतें.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं उठून सुई उचलली, तबकडी दोन्ही तळव्यांत धरून पाकिटांत घातली. मग ‘तांबडी माती’चें वेष्टण घेऊन पेन्सिल आमच्यापुढें केली, व कोपऱ्याकडे बोट दाखविलें. आजोबांची पद्धत त्यांच्या लक्षांत होती. आम्हीं तारीख लिहिली, गांव लिहिलें, प्रिन्स्टन. आणि अक्षर तीर्थरूपांसारखें बारीक यावें म्हणून जरा जपून लिहिलें.

असो. परत आल्यावर आम्ही मिरजेच्या व सांगलीच्या जुन्या बाजारांत दोन-चार वेळां जाऊन आलों. तीर्थरूपांच्या अक्षरांतील पाकीट सांपडलें नाहीं, व आतां सांपडेल असेंही नाहीं. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या माळ्यावर, पोटमाळ्यावर अशा तबकड्या अजून असतील. त्या एकदां खालीं काढाव्या, फडक्यानें हलकेंच पुसाव्या, उजेडांत तिरप्या धरून कोऱ्या पट्टींत काय लिहिलें आहे तें मुलांकडून वाचवून घ्यावें. आणि ठेवावयास जागा नसल्यामुळें त्या विकावयाच्याच असल्या, तर व्यापाऱ्यास बोलावण्यापूर्वीं घरांतील सर्वांत लहान मुलास एकवार विचारावें, एवढीच विनंती आहे.